टोकियो, कराची, प्योंगयांग : इनोकीचा आखाडा

नोव्हेंबर 1973. टोकियोच्या शिंजुकू भागात इसेतान नावाच्या बड्या दुकानाबाहेर भर गर्दीत एका धिप्पाड पंजाबी पैलवानाने खरेदीला आलेल्या जोडप्यातल्या नवऱ्यावर झडप घातली आणि त्याला रक्तबंबाळ केलं. लोकांनी घाबरून पोलिसांना बोलावलं. मार खाणारा होता जपानचा नामांकित व्यावसायिक कुस्तीगीर अँटोनियो इनोकी. शेजारी उभी होती त्याची बायको, अभिनेत्री मित्सुको बैशो. मारणारा टायगर जीत सिंग हा पंजाबात जन्मलेला आणि कॅनडात स्थायिक झालेला मल्ल. त्याची आणि इनोकीची खुन्नस तेव्हा रिंगणात रंगात आली होती.

हा हल्ला ठरवून केलेला की खरा, यावर जपानी शौकिनांनी पुढे अनेक वर्षं वाद घातला. इनोकीला नेमका तोच वाद हवा होता. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरतो, हे उघड गुपित आहे. अंगावर पडणारा मार मात्र बऱ्याचदा खरा असतो. या दोहोंमधली रेघ पुसून टाकायची आणि आपली कुस्ती ही जगातली सर्वांत ताकदवान लढाई आहे असं लोकांना वाटायला लावायचं, हा इनोकीने आयुष्यभर धरलेला ध्यास. त्यापायी त्याने हाडं मोडली, मोडून घेतली आणि कर्जं डोक्यावर घेतली.

त्याचं खरं नाव कांजी इनोकी. जन्म 20 फेब्रुवारी 1943, योकोहामा. अकरा भावंडांचं खटलं, आणि वडील लवकर गेलेले. युद्धानंतरच्या ओढगस्तीला कंटाळून 1957 मध्ये कुटुंब ब्राझीलला निघालं. आजोबा बोटीवरच वारले. साओ पावलो प्रांतातल्या कॉफीच्या मळ्यात चौदा वर्षांचा कांजी मजुरी करू लागला. उंच, हाडापेराने मजबूत आणि लांबलचक हनुवटीचा हा पोरगा थाळीफेकीत चमकला. 1960 मध्ये ब्राझीलच्या दौऱ्यावर आलेल्या रिकिदोझानने त्याला हेरलं आणि आपल्याबरोबर जपानला नेलं.

रिकिदोझान म्हणजे त्या काळच्या जपानचं दैवत. 1954 मध्ये त्याने गोऱ्या मल्लांना लोळवलं, तेव्हा रस्त्यांवर मांडलेल्या टीव्हीसंचांपुढे माणसं दाटीवाटीने उभी होती. हरलेल्या देशाला त्याने छाती पुढे काढायला शिकवलं. हा जपानी वीर जन्माने कोरियन होता आणि ते त्याने जगापासून लपवलं होतं. अशा वस्तादाच्या हाताखाली इनोकीने पडेल ती कामं केली, बेदम मार खाल्ला, आणि 30 सप्टेंबर 1960 रोजी पहिली लढत हरला. त्याच दिवशी पदार्पण करणारा त्याचा गुरुबंधू जायंट बाबा पुढे त्याचा जन्माचा प्रतिस्पर्धी झाला. डिसेंबर 1963 मध्ये टोकियोच्या एका नाइट क्लबात रिकिदोझानला चाकू लागला आणि आठवड्याभरात तो गेला. त्या वेळी इनोकी अवघ्या वीस वर्षांचा होता.

त्याला खऱ्या अर्थाने घडवलं ते कार्ल गॉच या बेल्जियन मल्लाने. इंग्लंडमधल्या विगनच्या नामांकित तालमीत गॉच सांधे पिळण्याचे डाव शिकला होता, आणि मेहनतीसाठी त्याचा भर होता आपल्याकडच्या जोर-बैठकांवर. जपानी तालमींत नवशिक्यांकडून शेकड्यांनी बैठका काढून घेण्याची रीत आजही आहे. कोल्हापूर-सांगलीच्या मल्लांना ही मेहनत नवी नाही, पण लाल मातीतला हा व्यायाम बेल्जियन माणसाच्या हातून जपानमध्ये इतका रुजावा, याचं नवल वाटतं. जानेवारी 1972 मध्ये इनोकीने ‘न्यू जपान प्रो रेसलिंग’ ही स्वतःची कंपनी काढली. 6 मार्चला पहिला कार्यक्रम झाला. त्यात मालक स्वतः आपल्या गुरूकडून, गॉचकडून, हरला.

मग त्याने इतर खेळांतल्या अजिंक्यवीरांना ललकारायला सुरुवात केली. म्युनिक ऑलिंपिकमध्ये ज्युदोची दोन सुवर्णपदकं जिंकणाऱ्या विलेम रुस्काला फेब्रुवारी 1976 मध्ये त्याने हरवलं. पण नजर होती मुहम्मद अलीवर. आपल्याशी लढायला आशियात कोणी आहे का, असं अलीने एका जपानी कुस्ती पदाधिकाऱ्याला गमतीत विचारलं होतं, आणि इनोकीने ते आव्हान समजून उचललं. अलीला 60 लाख डॉलरचा वायदा झाला. इनोकीच्या हनुवटीवरून अलीने त्याचं नाव ठेवलं ‘पेलिकन’.

26 जून 1976, टोकियोचं बुदोकान. ही लढत ठरवलेली नव्हती, आणि तिथेच सगळी गंमत गेली. वाटाघाटींत नियम इतके आवळले गेले, की इनोकीला आपले बहुतेक डाव टाकता येईनात आणि उभ्याने लाथही मारता येईना. घंटा वाजताच तो धावत जाऊन पाठीवर पडला आणि आडव्यानेच अलीच्या पायांवर लाथा मारू लागला. पंधराच्या पंधरा फेऱ्या हेच! अलीचे ठोसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, इनोकीच्या लाथा शंभराच्या आसपास. निकाल बरोबरीचा लागला. चिडलेल्या प्रेक्षकांनी रिंगणात कचरा फेकला, वर्तमानपत्रांनी टर उडवली आणि इनोकीची कंपनी कर्जात बुडाली. अलीचे पाय मात्र काळेनिळे पडले, रक्ताच्या गाठी झाल्या आणि त्याला इस्पितळ गाठावं लागलं. आज मिश्र युद्धकलांचे सामने पाहणारे त्याच लढतीकडे या खेळाचा पूर्वज म्हणून पाहतात. मला तर त्या आडव्या माणसात हट्टी प्रामाणिकपणा दिसतो. लुटुपुटूचा तमाशा करून टाळ्या मिळवणं त्याला सहज जमलं असतं.

सहा महिन्यांनी, 12 डिसेंबर 1976 रोजी, तो कराचीच्या नॅशनल स्टेडियममध्ये उतरला. समोर होता अक्रम पैलवान. ज्या गामाचं नाव महाराष्ट्राच्या तालमींतही आदराने घेतलं जातं, ज्याने 1910 मध्ये लंडनमध्ये झ्बिश्कोसारख्या बलाढ्य मल्लाला अडीच तास रोखून धरलं आणि पुढे 1928 मध्ये पतियाळात मिनिटाच्या आत आडवं केलं, त्या गामाचा अक्रम पुतण्या. गामाचा भाऊ इमाम बख्श याचा मुलगा. ही दाखवण्याची लढत आहे अशा समजुतीने आपण गेलो आणि ऐनवेळी ती खरी असल्याचं कळलं, असं जपानी गोटातून पुढे सांगितलं गेलं. काही असो, रिंगणात नुरा कुस्ती झाली नाही. तिसऱ्या फेरीत इनोकीने अक्रमच्या हाताला दुहेरी पकड घालून खांदा पिळला. अक्रमने हार मानली नाही. हात निकामी झाल्यावरच लढत थांबली, आणि भर स्टेडियम सुन्न झालं. घराण्याची लाज राखण्याची जबाबदारी आता अक्रमचा कोवळा पुतण्या झारा याच्यावर आली. जून 1979 मध्ये लाहोरला पाच फेऱ्या झाल्या, आणि शेवटी इनोकीने स्वतःहून झाराचा हात उंचावला. पाकिस्तान त्याचा कायमचा चाहता झाला.

घरच्या रिंगणातही त्याने लोकांना धक्के दिले. आपल्याकडे नव्वदच्या दशकातली मुलं कुस्तीगिरांच्या पत्त्यांवर ज्या हल्क होगनला ओळखत, त्याने 1983 मध्ये एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इनोकीला बेशुद्ध पाडलं. जीभ बाहेर आलेल्या इनोकीला थेट इस्पितळात न्यावं लागलं. 1987 मध्ये गानर्यू बेटावर, एकही प्रेक्षक नसताना, तो मासा सैतोशी दोन तासांहून अधिक वेळ झुंजला.

1989 मध्ये ‘स्पोर्ट्स अँड पीस पार्टी’ काढून तो जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात पोहोचला. त्याच वर्षी भाषण करताना त्याच्यावर चाकूहल्ला झाला. तरी तो मागे हटला नाही. 1990 मध्ये इराकने कुवेत गिळल्यावर अडकवून ठेवलेल्या परदेशी नागरिकांत जपानी माणसंही होती. सरकारच्या वाटाघाटी रखडल्या होत्या. डिसेंबरात इनोकी ओलिसांच्या बायकांना घेऊन बगदादला गेला आणि तिथे शांतता महोत्सव म्हणून कुस्त्या भरवल्या. तीसहून अधिक जपानी ओलीस सुटले. याच काळात करबला इथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि मुहम्मद हुसेन हे नाव घेतलं. त्याचा हा उपद्व्याप प्रसिद्धीसाठी होता, असं टीकाकार म्हणाले. असेलही, पण घरी परतलेल्या माणसांच्या कुटुंबांना त्याची फिकीर नव्हती.

मग उत्तर कोरिया. गुरूचं दडवलेलं मूळ त्याला तिकडे ओढत होतं, कारण रिकिदोझानची मुलगी तिथेच होती. एप्रिल 1995 मध्ये प्योंगयांगच्या मे डे स्टेडियममध्ये इनोकीने दोन दिवसांचा फड भरवला. दुसऱ्या दिवशी तो अमेरिकेच्या रिक फ्लेअरशी लढला. पाहायला आला होता खुद्द मुहम्मद अली. दीड-दोन लाखांच्या गर्दीचे अधिकृत आकडे फुगवलेले असल्याची शंका जाणकार घेतात. तरीही ज्या देशात बाहेरचं वारं शिरत नव्हतं, तिथे एवढ्या लोकांनी अमेरिकन आणि जपानी मल्लांची झुंज समोर बसून पाहिली, हे कमी नाही. त्याच वर्षी तो निवडणूक हरला. 2013 मध्ये पुन्हा निवडून आला आणि संसदेच्या परवानगीविना प्योंगयांगला गेला म्हणून 30 दिवस निलंबित झाला. तरी त्याने जाणं थांबवलं नाही. त्याच्या तिकडच्या वाऱ्या तीसच्या वर गेल्या.

4 एप्रिल 1998 रोजी टोकियो डोममध्ये झालेल्या त्याच्या निरोपाच्या लढतीलाही अली हजर होता. एकेकाळी एकमेकांची टर उडवणारे दोघे तोवर जिवलग झाले होते. इनोकी ज्या गाण्यावर रिंगणात उतरायचा, त्याची मूळ धूनही अलीवरच्या चित्रपटातली. निवृत्तीनंतर चाहते रांगा लावून त्याची थप्पड खायचे. त्या थपडेने अंगात बळ येतं, अशी त्यांची श्रद्धा होती.

शेवटची वर्षं अमायलॉइडोसिस या दुर्मीळ आजाराशी झगडण्यात गेली. खंगलेला चेहराही त्याने व्हिडिओतून चाहत्यांना दाखवला. 1 ऑक्टोबर 2022 रोजी, वयाच्या 79व्या वर्षी, तो गेला. त्याआधी 2012 मध्ये तो पाकिस्तानात जाऊन आला होता, आणि अवघ्या तिशीत वारलेल्या झाराच्या पुतण्याला, हारून आबिदला, त्याने कुस्ती शिकण्यासाठी जपानला नेलं होतं. त्याच्या निधनावर पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान शाहबाज शरीफ यांनी शोक व्यक्त केला. शरीफ यांची भावजय कुलसूम ही गामाच्याच घराण्यातली.