जुनी भीती, नव्या संचात

नाटकांची प्रकाशयोजना करणाऱ्या माणसाला एक सवय जडते. भीतिदायक प्रसंगात तो इतरांसारखाच दचकतो, पण लगेच त्याच्या मनात येतं, हे घडलं कशानं? अंधारानं, आवाजानं, की नट जिथे उभा होता त्या जागेनं? मी व्हिडिओ गेमही याच नजरेनं खेळते. म्हणूनच 'रेसिडेंट ईव्हिल २' या जुन्या गेमची २०१९ साली आलेली नवी आवृत्ती मला इतकी महत्त्वाची वाटते. भीती कशी घडवली जाते, हे तिथे दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येतं.

मूळ गेम जपानच्या कॅपकॉम कंपनीनं जानेवारी १९९८ मध्ये प्लेस्टेशनसाठी आणला. दिग्दर्शक होते हिदेकी कामिया. रॅकून सिटी या काल्पनिक अमेरिकी शहरात एका विषाणूमुळे माणसांची झोंबी झाली आहेत. पोलिसातल्या नोकरीचा पहिलाच दिवस असलेला लिऑन आणि भावाला शोधत आलेली क्लेअर तिथे अडकतात. बराचसा खेळ पोलीस मुख्यालयात घडतो. ही इमारत पूर्वी कलासंग्रहालय होती, त्यामुळे तिथे पुतळे आहेत, कुलूपबंद दालनं आहेत, कोडी आहेत. या प्रकाराला 'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणतात. शत्रू संपवणं हा इथला हेतू नसतो, आपण टिकून राहायचं असतं. गोळ्या मोजक्या आणि सामान ठेवायला सुरुवातीला अवघे ८ कप्पे. वाटेत उभ्या झोंबीवर गोळ्या खर्चायच्या की त्याला चुकवून पळायचं, हा हिशेब सतत डोक्यात चालू राहतो.

तेव्हाच्या प्लेस्टेशनला इतक्या तपशीलवार खोल्या खेळ चालू असताना रंगवणं झेपत नव्हतं. म्हणून प्रत्येक खोलीची पार्श्वभूमी आधीच चित्रासारखी तयार करून ठेवलेली असे आणि कॅमेरा एका कोपऱ्यात पक्का बसवलेला असे. आपण बोळातून चालत असतो, पाय ओढत येणाऱ्या कुणाचा तरी आवाज ऐकू येतो, पण वळणापलीकडचं दिसत नाही. पुढचं पाऊल टाकलं की कॅमेरा बदलतो आणि तो समोर उभा असतो. पात्र चालवण्याची पद्धतही अवघड होती. डावं-उजवं बटण दाबलं की पात्र जागच्या जागी फिरायचं. माझी भाची पहिल्यांदा तो जुना गेम खेळताना वैतागून म्हणाली, "मावशी, ही पटकन वळत का नाही गं?" मी म्हटलं, "वळली असती तर तू इतकी घाबरली असतीस का?" दार उघडतानाही पडद्यावर काळोखात फक्त ते दार हळूहळू उघडताना दिसायचं. त्या वेळात पुढची खोली सीडीवरून वाचली जात असे. यंत्राची मर्यादा अशी थेट खेळणाऱ्याच्या छातीत धडधडायची.

२०१९ च्या आवृत्तीत हे सगळं गेलं. कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आला, वळणं सोपं झालं, दारं क्षणात उघडू लागली. मग भीती कुठून आणायची? याचं उत्तर तिथल्या कलावंतांनी फार विचारपूर्वक शोधलं आहे. पहिलं उत्तर अंधाराचं. मुख्यालयाचे बरेच बोळ काळोखात बुडवले आणि हातात टॉर्च दिली. जुना कॅमेरा जे लपवायचा, ते आता झोताच्या कडेपलीकडचा काळोख लपवतो. दुसरं उत्तर झोंबींचं. डोक्यात गोळ्या घालूनही ते पुन्हा उठू शकतात, त्यामुळे पडलेल्या देहाजवळून जातानाही खात्री नसते. पाय निकामी केला तर चालणारा झोंबी सरपटू लागतो. ते दारातून मागे येतात, खिडक्या फोडून आत शिरतात. खिडक्यांवर ठोकायला फळ्या मिळतात, पण थोड्याच. कुठली खिडकी बंद करायची, हे आपणच ठरवायचं. जुन्या खेळातला हिशेब टिकून आहे, त्यातल्या रकमा तेवढ्या बदलल्या आहेत.

तिसरं उत्तर म्हणजे 'मिस्टर एक्स'. लांब कोट आणि हॅट घातलेला हा धिप्पाड राक्षस जुन्या गेममध्ये फक्त दुसऱ्या फेरीत, ठरावीक जागी भेटायचा. नव्या आवृत्तीत तो कोसळलेल्या हेलिकॉप्टरचे अवशेष हातानं बाजूला सारून येतो आणि मग मुख्यालयभर आपल्याला शोधत फिरतो. गोळ्यांनी तो थोडा वेळ गुडघ्यावर येतो, पण मरत नाही. हेडफोन लावून खेळलं तर तो वरच्या मजल्यावर आहे की शेजारच्या बोळात, हे त्याच्या जड पावलांवरून कळतं. तो दिसत नसतानाही आपली वाट तोच ठरवत असतो. माझ्या मते नव्या आवृत्तीतलं हे सर्वोत्तम काम आहे.

आपल्याकडे जुनं नाटक नव्या संचात येतं, तेव्हा नेपथ्य तसंच उभारलंय का, एवढंच जाणकार पाहत नाहीत. त्या नेपथ्यानं जे साधलं होतं ते नव्यानं साधलं का, हे ते पाहतात. गेमच्या नव्या आवृत्तीलाही मी हीच कसोटी लावते.

या कसोटीवर 'रेसिडेंट ईव्हिल २' एका बाबतीत स्पष्टपणे उणी पडते. जुन्या गेमच्या दोन सीडी होत्या, एक लिऑनची आणि एक क्लेअरची. एकाची गोष्ट संपवून दुसऱ्याची खेळताना त्याच रात्रीची दुसरी बाजू उलगडायची. पहिल्या फेरीत एखादं शस्त्र उचललं तर दुसऱ्या पात्राला ते मिळायचं नाही. नव्या आवृत्तीत दुसरी फेरी आहे, पण दोघंही बऱ्याच ठिकाणी तीच कोडी सोडवतात, त्याच लढाया लढतात, आणि दोन्ही गोष्टी एकाच रात्री घडल्या हे पटत नाही. ही उणीव यंत्राच्या अडचणीतून आलेली नाही, म्हणून ती जास्त खटकते. शिवाय जुन्या गेममध्ये प्रगती नोंदवायला टाइपरायटरची शाई खर्चावी लागे. आता हे बंधन फक्त सर्वांत कठीण पातळीवर उरलं आहे. सवय झालेल्यांनी त्याच पातळीवर खेळावं, असं मी आवर्जून सांगेन.

याच कंपनीच्या आणखी दोन कामांकडे पाहिलं की ही कसोटी आणखी स्पष्ट होते. २००२ मध्ये पहिल्या 'रेसिडेंट ईव्हिल'ची नवी आवृत्ती आली. तिनं पक्का कॅमेरा तसाच ठेवला, पण मारलेला झोंबी जाळला नाही तर तो अधिक चपळ होऊन परततो, अशी भर घातली. २०२० च्या 'रेसिडेंट ईव्हिल ३'मध्ये मात्र जुन्या गेममधल्या घड्याळाच्या मनोऱ्याचा अख्खा भाग गाळला, आणि पाठलाग करणारा नेमेसिस बहुतांशी ठरलेल्या प्रसंगांपुरताच उरला. दिसायला तो गेम देखणा आहे, पण मूळची धाकधूक त्यात भरून निघत नाही.

नवी आवृत्ती कितीही चांगली असली तरी तिनं जुनीची जागा घेऊ नये. २०२४ मध्ये गॉग या संकेतस्थळानं या मालिकेतले पहिले तिन्ही मूळ गेम आजच्या संगणकांवर चालतील असे उपलब्ध करून दिले, ही मोठी गोष्ट आहे. हे गेम प्रौढांसाठीच आहेत. ज्यांना अशा भीतीची आवड आहे त्यांनी आधी १९९८ चा खेळावा, मग २०१९ चा. नव्या कलावंतांनी काय राखलं, काय टाकलं आणि टाकलेल्याची भरपाई कशानं केली, हे त्यांना स्वतःच्या हातांनी पडताळता येईल.