एका पदकाची किंमत

कर्लिंग हा बर्फावरचा खेळ. सुमारे वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड घसरवत लक्ष्यापर्यंत न्यायचा आणि त्याच्यापुढचा बर्फ ब्रशने जोरजोराने घासायचा. घर्षणाच्या उष्णतेने बर्फाचा पृष्ठभाग किंचित गुळगुळीत होतो आणि दगड थोडा पुढे जातो. पाहणाऱ्याला हा संथ खेळ वाटतो. घासणाऱ्याला मात्र चांगलाच दम लागतो.

रशियाच्या अलेक्झांडर क्रुशेल्नित्स्कीने पत्नी अनास्तासिया ब्रिझगालोवासह २०१६ मध्ये मिश्र दुहेरीचे जगज्जेतेपद मिळवले. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये या जोडीने कांस्यपदक जिंकले. काही दिवसांतच त्याच्या लघवीच्या तपासणीत मेल्डोनियम सापडले. दुसऱ्या नमुन्यातही तेच निघाले. पदक दोघांनाही परत करावे लागले आणि ते नॉर्वेच्या जोडीला मिळाले.

मेल्डोनियम हे लॅटव्हियात विकसित झालेले हृदयविकाराचे औषध. शरीरात कार्निटिन नावाचा पदार्थ चरबी जाळण्यासाठी लागतो. हे औषध त्याची निर्मिती कमी करते. त्यामुळे पेशी चरबीऐवजी ग्लुकोजकडे वळतात. तेवढीच ऊर्जा मिळवण्यासाठी ग्लुकोजला ऑक्सिजन कमी लागतो. रक्तपुरवठा अपुरा असलेल्या हृदयाला याचा उपयोग व्हावा, ही त्यामागची कल्पना. निरोगी खेळाडूची कामगिरी त्याने खरोखर सुधारते, याचा ठोस पुरावा तुटपुंजाच आहे. तरीही खेळाडू ते सर्रास घेत असल्याचे दिसल्यावर १ जानेवारी २०१६ पासून त्यावर बंदी आली. त्याच महिन्यात टेनिसपटू मारिया शारापोव्हाही याच औषधामुळे अडकली.

आपण जाणूनबुजून औषध घेतले नाही, असे क्रुशेल्नित्स्की सांगत राहिला. पण ते शरीरात आले कसे, हे त्याला सिद्ध करता आले नाही. क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. उत्तेजकांच्या बाबतीत नियम कडक आहे: शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदारी खेळाडूचीच, कोणी दिले, का दिले, हा पुढचा प्रश्न.

हा नियम फक्त ऑलिंपिकवाल्यांसाठी नाही. शालेय, जिल्हा पातळीवर खेळणारी मुलेही जिममधल्या कोणाच्या सांगण्यावरून ‘ताकदीची’ पावडर वा गोळ्या घेतात. अशा डब्यांत लेबलवर न छापलेली द्रव्येही असू शकतात. औषध सुरू करण्यापूर्वी आपण स्पर्धेत खेळतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. चिठ्ठी आणि वेष्टन जपून ठेवावे. मित्राने दिलेली गोळी मात्र नम्रपणे परत करावी.