सॉफ्टवेअर परीक्षण
संगणकाच्या आज्ञावलीत राहिलेले दोष ती वापरात येण्यापूर्वी शोधून काढण्याच्या पद्धतशीर कार्यास सॉफ्टवेअर परीक्षण म्हणतात. दोष मुळात उद्‌भवूच नयेत म्हणून ग्राहकाच्या गरजांची नोंद, आराखडा, लेखन व देखभाल या सर्व टप्प्यांवर कामाच्या रीतीवर जी देखरेख ठेवली जाते, तिला गुणवत्ता आश्वासन ही संज्ञा आहे. व्यवहारात या दोन संज्ञांची सरमिसळ होते.

आज्ञावलीचा प्रत्येक घटक प्रथम स्वतंत्रपणे, नंतर इतर घटकांशी जोडून आणि शेवटी संपूर्ण प्रणालीत तपासतात. स्वीकृतीची चाचणी ग्राहक घेतो. एका दुरुस्तीमुळे पूर्वी नीट चालणारा भाग बिघडला नाही ना, हे पाहण्यासाठी जुन्या चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात. हे कंटाळवाणे काम आता बहुधा संगणकाकडेच सोपवितात. सर्व शक्यता तपासणे मात्र अशक्य असते. ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या साध्या आज्ञावलीसही २ च्या ६४ व्या घाताइतक्या जोड्या पुरविता येतात. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या, तरी सु. ५८५ वर्षे लागतील. यामुळे निवडक मूल्ये, विशेषतः मर्यादेवरील व मर्यादेबाहेरील, घेतात. परीक्षणाने दोष आहेत हे दाखविता येते, ते नाहीत हे सिद्ध होत नाही, असे डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांचे प्रतिपादन आहे.

कोणती मूल्ये निवडावयाची, हे आधीच्या टप्प्यांवरील नोंदींवरून ठरते. नोंदच अपुरी असेल, तर काय होते याचे बोलके उदाहरण म्हणजे ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कूरू येथून झालेले आरियान-५ या यूरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण होय. उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आतच अग्निबाण नष्ट झाला व त्यासोबत ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रहही गेले. दिशा व वेग सांगणाऱ्या उपकरणाची आज्ञावली आरियान-४ वरून जशीच्या तशी घेतली होती. तीत क्षैतिज वेगाशी निगडित अशा ६४ बिटांच्या एका संख्येचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर होई. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आरियान-४ चा वेग या मर्यादेत राही; आरियान-५ चा क्षैतिज वेग सु. पाचपट जलद वाढला. रूपांतर फसताच उपकरण बंद पडले. राखीव उपकरणात तीच आज्ञावली असल्याने ते क्षणभर आधीच बंद पडले होते! विशेष म्हणजे दोष ज्या भागात होता, त्याची उड्डाणानंतर आरियान-५ ला गरजच नव्हती.

तरीही हे उपकरण आपल्या चाचण्यांत उत्तीर्ण झाले होते, कारण त्याच्या आवश्यकतांच्या नोंदीत आरियान-५ चा मार्ग समाविष्टच नव्हता. संपूर्ण प्रणालीच्या चाचणीत हा दोष उघड झाला असता. परंतु उपकरण आधीच तपासलेले आहे या समजुतीने तेथे प्रत्यक्ष उपकरणाऐवजी त्याची संगणकीय प्रतिकृती जोडली होती. संगणकावरील भार कमी राहावा म्हणून सात राशींपैकी चारच राशींना संरक्षण देण्याचा निर्णय मात्र हेतुपुरस्सर होता; तो आरियान-४ पुरता योग्यही होता. चौकशी मंडळाने उड्डाणात अनावश्यक भाग चालू न ठेवण्याची आणि चाचणीत शक्य तितकी प्रत्यक्ष उपकरणे जोडण्याची शिफारस केली.