पानाची तहान



पिकाने माना टाकल्या की त्याला पाणी हवे, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पण तहान त्याच्या कितीतरी आधी लागलेली असते आणि ती आता कॅमेऱ्याला दिसते. कशी, ते सांगतो. मी शास्त्रज्ञ नव्हे. युनियनच्या कामातून सवड काढून वाचणारा माणूस.

पानावर, बहुधा खालच्या अंगास, सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून वाफ जाते व पान गार राहते; माठाचाच न्याय. पाणी तुटू लागले की झाड रंध्रे मिटते, वाफ थांबते, पान तापते. फरक एकदोन अंशांचा, हाताला न कळणारा. उष्णतेचे चित्र घेणारा थर्मल कॅमेरा तो टिपतो. मात्र दरवाजा मिटला की पाण्याची जावक थांबते, तशी कार्बन डायॉक्साइडची आवकही घटते. कच्चा मालच नाही, तर अन्न कशाचे बनणार? आमच्या भाषेत ही टाळेबंदी! म्हणून गार पानाचे वाण ते चांगले, असा सरळ हिशेब नाही. गार पान उधळे असेल. तापलेले काटकसरी, पण उपाशी.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत २०१७ साली नानाजी देशमुख यांच्या नावाचे केंद्र याच कामासाठी सुरू झाले. तेथे कुंड्या सरकत्या पट्ट्यावरून जातात, तोलल्या जातात, मोजून पाणी घेतात आणि कॅमेऱ्यांपुढे उभ्या राहतात. पूर्वी झाडाची वाढ नेमकी मोजायची तर ते कापून, वाळवून तोलावे लागे. कापलेले झाड उद्या पुन्हा कसे मोजणार? आता तेच झाड रोज पाहता येते.

अशा पट्ट्यावर मीही उमेदीची वर्षे काढली. आमच्याकडे कॅमेरा आला तो चहाला कोण किती वेळ जातो हे पाहायला. भोवळ कोणाला येते, हे त्याला कोणी विचारले नाही.

तथापि कुंडी म्हणजे शेत नव्हे. कुंडीत मुळांना चार बोटे गेली की भिंत लागते. रानात ज्वारीचे मूळ ओलीच्या मागे खोल उतरते. बारामतीजवळ माळेगावला २००९ साली अजैविक ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था निघाली, ती खडकाळ माळावर. तेथे मुरमाखाली मूळ काय करते, हे पानाच्या चित्रात दिसत नाही. त्यासाठी अजून कुदळ घ्यावी लागते.