फायबरची जोडणी घरात नेमकी कुठे घ्यावी?

फायबर इंटरनेट जोडण्यास आलेला तंत्रज्ञ बहुधा खांबाच्या सर्वांत जवळची खिडकी निवडतो. केबल कमी लागते, काम लवकर उरकते. गोव्यातील जुन्या घरांत मात्र ही सोय पुढे अडचणीची ठरते. चिऱ्याच्या जाड भिंती वायफायच्या लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेतात. जास्त वेगाचा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा तर २.४ गिगाहर्ट्‌झच्या तुलनेत अधिकच क्षीण होतो. बाल्कांवालगत बसवलेल्या राउटरचा मागच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाला काय उपयोग?

म्हणून केबल ओढण्यापूर्वीच जागा ठरवून ती तंत्रज्ञाला दाखवावी आणि जादा केबलचे पैसे पडतील का, हेही विचारून घ्यावे. घराचा मध्यभाग उत्तम. तिथे विजेचा प्लग मात्र हवा, कारण फायबर प्रकाश वाहून नेते, वीज नव्हे. काचेचा हा तंतू कोपऱ्यात काटकोनात मुडपू नये, ऐसपैस वळण द्यावे. भिंतीतील छिद्र बाहेरच्या बाजूस उतरते असावे आणि बाहेर केबलला छिद्राच्या खाली झोल ठेवावा. नाहीतर पावसाळ्यात केबलवरून ओघळणारे पाणी थेट घरात येते. फायबर आत नेणे शक्यच नसेल, तर दर्शनी खोलीतील यंत्रापासून साधी लॅन केबल ओढून आत दुसरा राउटर बसवता येतो.