जीपच्या डब्यातली गाळणी

खोपोलीहून बोरघाट चढताना जुन्या विलीज जीपच्या मालकाची नजर ऑइलच्या काट्यावर असते. महिंद्रांनी १९४० च्या दशकाअखेर मुंबईत जोडायला घेतलेल्या या जीपचा ऑइल फिल्टर म्हणजे इंजिनाशेजारचा लोखंडी डबा, आत बदलायची गाळणी. आजच्यासारखं सगळं तेल त्यातून जात नाही. थोडंसंच वळतं आणि गाळून पुन्हा चेंबरमध्ये उतरतं.

डबा रॉकेलात भिजवून तळाचा काळा चिखल खरवडायचा. आतून सँडब्लास्ट? मुळीच नको, उरलेली वाळू बेअरिंग खाते.

खरी गोम मधल्या नळीच्या बारीक छिद्रात आहे. ते बुजलं की फिल्टर नुसता शोभेचा. कुणी उत्साही मिस्त्रीने ड्रिल फिरवून मोठं केलं, तर ऑइलचा दाबच पडतो. तिथे फक्त हवा मारावी. झाकणाचं गॅस्केट मात्र नवंच घालावं.