कार्यालयीन जाळ्यातील संगणकांची उपलब्धता : नोंद आणि अनुमान

कार्यालयातील संगणक एका जाळ्याने जोडले गेले की, कोणता संगणक कोणत्या वेळी उपलब्ध होता, हा प्रश्न उपस्थित होतो. तो दिसतो तितका सरळ नाही. उपलब्धता ही प्रत्यक्ष दिसणारी वस्तू नव्हे; काही खुणांवरून केलेले ते अनुमान होय. या खुणांवर किती भार टाकता येतो, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

सर्वांत साधी रीत हाक मारून ओ ऐकण्याची. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसीएमपी' या मानकात प्रतिध्वनीची मागणी व तिचे उत्तर असे दोन संदेश सांगितले आहेत. त्यांच्या आधारे माइक म्यूस याने अमेरिकन सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत डिसेंबर १९८३ मध्ये 'पिंग' ही आज्ञावली लिहिली. सोनार यंत्राच्या ध्वनीवरून तिला हे नाव मिळाले.

उत्तर आले, तर यंत्र चालू आहे आणि मार्ग शाबूत आहे, इतके सिद्ध होते. त्या यंत्रावरील एखादी सेवा बंद पडलेली असली तरीही हे उत्तर येऊ शकते. उत्तर न आल्यास मात्र सिद्ध असे फारच थोडे होते. संगणक बंद असेल, निद्रिस्त असेल, मधला स्विच बिघडला असेल, पत्ता बदललेला असेल, किंवा फायरवॉलने मागणी अडविली असेल. अशा वेळी 'एआरपी' (१९८२) उपयोगी पडते. पिंगला न बोलणारे यंत्रही बहुधा एआरपीच्या प्रश्नास उत्तर देते. तथापि हा प्रश्न राउटरच्या पलीकडे जात नाही.

दुसरी अडचण कालांतराची. दर ५ मिनिटांनी हाक मारली, तर ३ मिनिटांचा खंड नोंदीतून सर्वस्वी निसटू शकतो. उलट, लागोपाठच्या तीन हाकांपैकी केवळ मधली अनुत्तरित राहिली, तर खरा खंड क्षणाचा असेल किंवा जवळजवळ १० मिनिटांचा असेल. शिवाय जाळ्यावरील संदेश पोचेलच अशी हमी नसते. म्हणून एका मौनावरून निर्णय न करता लगेच पुन्हा दोन-तीन हाका माराव्यात.

यंत्रालाच विचारावे, तर 'एसएनएमपी'मधील कालगणक सेकंदाच्या शतांशांत मोजतो. तो ३२ बिटांचा असल्यामुळे सुमारे ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. हे विस्मरणात गेल्यास अखंड चाललेले यंत्रही बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याचा भास होतो.

निरीक्षण करणारा संगणकच बंद पडला, तर काय? तेवढ्या काळातील रिकाम्या जागा 'बंद' म्हणून वाचल्यास संपूर्ण कार्यालय ठप्प झाल्याचे दिसेल. यास्तव नोंदीत 'उत्तर', 'निरुत्तर' आणि 'अनिरीक्षित' अशा तीन अवस्था असणे अवश्य आहे. प्रत्येक नोंदीचा काळही एकाच घड्याळाने ठरलेला असावा.

शेवटी टक्केवारीचा प्रश्न. वर्षाचे ८,७६० तास धरल्यास ९९.९ टक्के उपलब्धतेत सुमारे पावणेनऊ तासांचा खंड सामावतो. परंतु हे तास कोणते? कार्यालयाच्या वेळेत ९ तास अखंड चालून रात्री बंद केलेला संगणक चोवीस तासांच्या हिशेबाने ३७.५ टक्के उपलब्ध ठरतो, तर कामाच्या वेळेच्या हिशेबाने पूर्ण १०० टक्के. छेद सांगितल्यावाचून दिलेली टक्केवारी निरर्थक होय.

या चिकित्सेचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. अशा नोंदींवरून नव्या यंत्रांची खरेदी ठरते, देखभालीच्या कंत्राटाचे हिशेब होतात आणि क्वचित कर्मचाऱ्याच्या हजेरीविषयीही निष्कर्ष काढले जातात. यंत्र निरुत्तर होते, यावरून माणूस अनुपस्थित होता, असे म्हणणे म्हणजे दोन अनुमाने एकावर एक रचणे होय. आणि त्यांतील पहिलेच डळमळीत आहे. म्हणून मूळ नोंद जशीच्या तशी जपावी व निष्कर्ष तीपासून वेगळा लिहावा. म्हणजे ज्याच्यावर त्या निष्कर्षाचा परिणाम होणार, त्याला तो तपासून पाहता येईल.